मेला मथळा

बाटलीवर लेबल लावताना आत जे आहे तेवढंच लिहायचं, हे मी शाळेच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं सांगत आले. कमी लिहिलं तर पुढच्याला वास घेऊन बघावं लागतं. जास्त लिहिलं तर पुढचा विश्वास ठेवतो. हात दोन्हीत भाजतो. निवृत्तीनंतर ही शिकवण स्वतःच्याच घरात वापरायची वेळ येईल असं मात्र वाटलं नव्हतं. यांची आठवण जायला लागली आणि आमच्या घराच्या प्रत्येक दाराला, खणाला आणि नळाला लेबल आलं.

हे भूमापन खात्यात होते. लोकांच्या हद्दी मोजण्यात जन्म गेला. मेंदूच्या डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं त्याच्या बरंच आधी माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. यांना सलग मजकूर वाचता येईनासा झाला होता. दुसऱ्या ओळीवर जाईपर्यंत पहिली निसटायची. पेपर मात्र रोज हवा असे, कारण मथळे वाचता येत. खुर्चीत ताठ बसून, चष्मा पुसून, हे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फक्त मथळे वाचत, मोठ्याने, पूर्वीच्याच करड्या आवाजात.

"घ्या! पूल पुन्हा बंद!"

मी मान डोलवायची. पान उलटून हे परत पहिल्या पानावर येत.

"घ्या! पूल पुन्हा बंद!"

संताप तितकाच ताजा. मला तो आवाज आवडायचा. घरात कुणीतरी जाणता माणूस आहे असं वाटायचं.

म्हणून मी यांच्यासाठी घराला मथळे द्यायला लागले. जाड पेन, पांढरा कागद, मोठं अक्षर. काही चालले, काही पडले. ‘कपाट’ या मथळ्याचा उपयोग झाला नाही. ते कपाट आहे हे यांना दिसत होतं. ‘इथे सदरे आहेत’ हा चालला. ‘गॅसला हात लावू नये’ हे वाचून हे भडकले. "कोण लिहितंय हे? माझ्या घरात मला हुकूम?" आणि मुद्दाम हात लावला. मी कागद बदलून ‘गॅस गरम आहे’ असं लिहिलं. हे वाचून म्हणाले, "असं होय," आणि मागे सरले. हुकूम देणाऱ्या मथळ्याशी माणूस भांडतो, माहिती देणाऱ्याचं ऐकतो. एवढं मी शिकले.

डॉक्टर म्हणाले होते, फरक दिसतील तसे लिहून आणा. मी लिहीत गेले आणि त्याचा लेख झाला. यांच्या वाचण्याबद्दलचा. आधी काय गेलं, मग काय गेलं आणि काय अजून शिल्लक आहे. रडगाणं कुठेच नव्हतं. मुलांचं नावही नव्हतं, कारण तो विषयच नव्हता. वर मी लिहिलं होतं, ‘अजून वाचता येतं ते’.

आमची धाकटी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत काम करते. तिच्याकडे मुख्यतः मथळे असतात. लेख कुणाचाही असो, डोक्यावरची ओळ हिची. कचेरीत तिला मथळेबाई म्हणतात आणि ती ते मिरवते. दर आठवड्याला एक दिवस ती घरी येते, बापाची नखं कापते, औषधांच्या डब्या भरते आणि जाताना माझ्यावर रागावून जाते. कशावरून ते तिचं तिलाही सांगता येत नाही. अशाच एका दिवशी तिने टेबलावरचे कागद उचलले आणि उभ्या उभ्या वाचून काढले.

"आई, हे छापायचं."

"डॉक्टरांसाठी आहे ते."

"डॉक्टरांना झेरॉक्स दे. हे मी नेतेय."

"नेशील. पण मथळा माझा राहील."

ती हसली. "तुझा मथळा चांगला आहे गं. अगदी तुझ्यासारखा आहे. इस्त्री केलेला."

"तो राहणार असेल तर ने."

मग तिने मला त्यांच्याकडची रीत सांगितली. साहेबांपुढे, म्हणजे पुरवणीच्या संपादकांपुढे, प्रत्येक लेखाचे तीन मथळे ठेवायचे असतात. त्यातला एक खरा, म्हणजे आपल्याला हवा असलेला. एक बरा, नाइलाजाने चालेलसा. आणि एक मेला.

"मेला म्हणजे?"

"म्हणजे मेलेलाच. साहेबांना रोज काहीतरी मारायला लागतं, आई. नाही मारलं तर आपण संपादक आहोत असं त्यांना वाटत नाही. मग आम्ही आधीच मेलेला एक पुढे ठेवतो. भडक, सवंग, बघताक्षणी नको वाटेल असा. साहेब म्हणतात, छे छे, हे काय! तो उडवतात, खूश होतात आणि खऱ्यावर बोट ठेवतात. आमचं संपादनाचं सगळं टेबल असंच चालतं."

"साहेबांना माहीत नाही?"

"साहेब पूर्वी याच टेबलावर होते. त्यांना नसेल माहीत?"

मला गंमत वाटली. पण मनात शिक्षिका जागी झालीच. "मेलेला आहे हे कोण तपासतं?"

"तपासायचं काय त्यात? मेलेलं दिसतंच."

प्रयोगशाळेत आम्ही रिकामी परीक्षानळीसुद्धा धुऊन वापरायचो. पण तिचं क्षेत्र तिचं. मी कागद दिले.

आता माझ्या ऑपरेशनचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावर येऊन थांबतं. माझा डावा खुबा झिजून गेला होता. सांधा बदलायचा होता, तारीख मिळाली होती आणि नंतर काही आठवडे मला कुणाला उठवता-बसवता येणार नव्हतं. यांच्यासाठी बाई ठेवून पाहिली होती. दुसरीही ठेवून पाहिली. हे त्यांना दारात बघून "अतिक्रमण!" असं गरजत आणि थेट जिन्यापर्यंत पोचवून येत. दुसरी तर जाताना मला म्हणाली, "बाई, माझी नोकरी गेली ते जाऊ दे, पण मी कुणाच्या जागेत घुसले ते तरी सांगा."

घरात यांना चालेल असा एकच माणूस होता. आमचा मोठा. तो दूरच्या शहरात असतो, दर रविवारी फोन करतो, आणि फोनवरचा त्याचा आवाज यांना अजून ओळखू येतो. नाव आठवत नाही, पण आवाज ऐकला की हे सरसावून बसतात. त्याचं येणं आधी दोनदा पुढे गेलं होतं. एकदा कामामुळे, एकदा सासरच्या कसल्याशा कार्यामुळे. या वेळी मात्र त्याने रजा मंजूर करून घेतली, तिकीट काढलं आणि म्हणाला, "आई, तू बिनधास्त टेबलावर झोप. बाबांचं मी बघतो."

मी लहान खोली आवरली. अचानक एक बाप्या घरात दिसला तर हे दचकतील म्हणून त्या दारावर कागद लावला, ‘मुलगा येणार आहे’. हा मथळा आजवरच्या सगळ्यांत चांगला चालला. हे तो वाचत, आत जात, पलंगावरची चादर तळहाताने सारखी करत आणि बाहेर येऊन मला खबर देत, "अगं, मुलगा येणार आहे."

"हो ना."

"मग काहीतरी कर की चांगलंचुंगलं."

दिवसातून कितीतरी वेळा हे चालायचं. चादर घासून पातळ होईल की काय असं वाटायचं मला. पण मी थांबवलं नाही.

रविवारी पुरवणी आली. हे खुर्चीत बसले, चष्मा पुसला. मी स्वयंपाकघरात होते. करड्या आवाजात पूल झाला, पाणीपुरवठा झाला, मग पान उलटल्याचा आवाज आला आणि हे म्हणाले,

"मुलाचा फोन येतो, मुलगा येत नाही."

माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं. ते वाक्य मी ओळखलं, कारण ते माझं होतं. मुलाने दुसऱ्यांदा येणं पुढे ढकललं त्या दिवशी, भांडी पुसता पुसता, मी ते धाकटीजवळ बोलले होते. बोलले आणि विसरायचं ठरवलं. लेख लिहिताना ते एकदा मनात आलं होतं. मी ते लिहिलं नाही, कारण त्या वाक्याने यांच्या वाचण्याबद्दल काहीही सिद्ध होत नव्हतं.

बाहेर येऊन पाहिलं. माझा लेख होता. खाली माझं नाव, मजकुरात एक कानामात्रा बदललेली नाही. वर हे वाक्य, माझ्या गॅसच्या लेबलापेक्षाही जाड अक्षरात.

"बिचारे," हे मला पान दाखवत म्हणाले. "कुणाचं तरी घर बघ."

पहिल्यांदा खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई आली. कधी जिना चढून न येणारी बाई, धापा टाकत आली आणि माझे हात हातात घेतले.

"वाचलं हो, बाई. डोळ्यांत पाणी आलं."

"काय वाचलंत?"

"ते... तुमचं. पेपरातलं."

"त्यातलं काय?"

ती गोंधळली. "अहो, तेच. वरचं. सगळं आलंच की त्यात. आमच्याकडेही तेच आहे हो, पण आमच्यात लिहायला येत नाही कुणाला." मग आवाज उतरवून म्हणाली, "पण धीट आहात. सख्ख्या मुलाला चारचौघांत असं सुनवायचं म्हणजे..."

"मी सुनवलं नाही. मुलगा पुढच्या आठवड्यात येतोय."

"येणार तर! आता न येऊन सांगतो कुणाला?" असं म्हणून तिने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेली.

मुलाचा फोन नेहमीच्या वेळेला आला.

"आई, हे काय आहे?"

"लेख आहे."

"ते दिसतंय. मला माझ्या सासऱ्यांनी पाठवलाय. शब्द एक लिहिलेला नाही. नुसता मथळ्याचा फोटो आणि खाली हात जोडलेले."

"तू वाचलास?"

"वाचायचं काय राहिलंय? वरच सगळं सांगून टाकलंय की."

"खाली तू कुठेही नाहीस. एकदा वाच."

"मी कुठेही नाही? आई, तुला मुलगे किती?"

"एक."

"मग?"

माझी वाट न बघता तो म्हणाला, "हे हिचं काम आहे ना? तिनेच रचलंय ना हे? तिला लहानपणापासून माझ्या नावाने खडे फोडायची सवय आहे. तू एकदा सांग, की आई, हे माझं नाही. बस. मी सासऱ्यांना सांगतो, पेपरवाल्यांनी फिरवलं. विषय संपला."

तो मला दार उघडून देत होता. मी फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. मुलगी आधीच बदनाम होती, तिला आणखी काही लागलं नसतं.

"मी बोलले होते ते," मी म्हणाले. "लिहिलं नव्हतं."

"म्हणजे तुझंच वाक्य आहे."

"बोलणं वेगळं आणि लिहिणं वेगळं."

"तुझ्या प्रयोगशाळेत असेल वेगळं. आमच्याकडे नाही."

त्याच्या मागे सुनेचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग तो अगदी हळू म्हणाला, "मी येत होतो, आई. तिकीट काढून बसलो होतो."

"मग ये ना. बदललंय काय?"

"सगळं. आता आलो तर लोक म्हणतील, पेपरात अब्रू गेली तेव्हा आला. नाही आलो तर पेपर खरा. दोन्हीकडून मीच. सांग ना, काय करू?"

"लोकांचं सोड. ऑपरेशन माझं आहे."

"लेख देताना लोकांचं सोडलं होतंस का तू?"

फोन मी यांच्या कानाला लावला. हे सरसावून बसले, ऐकलं, प्रसन्न हसले आणि म्हणाले, "हो हो. खोली तयार आहे." पलीकडून फोन ठेवल्याचं मला कळलं, यांना नाही. आणखी थोडा वेळ हे बोलत राहिले.

दोन दिवसांनी मोबाइलवर त्याची ओळ आली. रजा रद्द झाली आहे. ऑपरेशन पुढे ढकलता येईल का ते बघ. तब्येतीला जप.

रजा खरंच रद्द झाली की नाही, मला ठाऊक नाही. त्याला मथळ्याने अडवलं, की अडायला त्याला काहीतरी हवंच होतं, हेही ठाऊक नाही. हातात आहेत त्या निरीक्षणांवरून दोन्ही निष्कर्ष निघतात. पूर्वी शाळेत असं झालं की मी मुलांना प्रयोग परत करायला लावायची.

धाकटी तिच्या नेहमीच्या दिवशी आली. येताना यांच्यासाठी नवे मऊ बूट आणले होते. आल्या आल्या म्हणाली, "आई, तुला कल्पना नाही किती वाचला गेलाय. साहेब तर..."

"बस," मी म्हणाले.

ती बसली.

"मेला कोणता होता?"

तिने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, एवढं मला मान्य करायला हवं. "तोच."

"मेलेला होता ना?"

"मला वाटलं साहेब उडवतील. शप्पथ, आई. तुझा खरा होता, ‘विस्मरणाच्या घरातून’ असा एक बरा होता, आणि हा. मी स्वतः म्हटलं, साहेब, हा जरा सवंग वाटतो. तर म्हणाले, सवंग कसला, हाच तर लेख आहे."

"मेला मथळा तू आजवर कुठून आणत आलीस? सिनेमातून, जाहिरातीतून. हा कुठून आणलास?"

ती बुटांचं खोकं उघडत होती.

"माझ्या तोंडातून काढलास. मेलेला दाखवायला जिवंत उचललास. मग तो मरेल कसा?"

"खरा होता म्हणून मेला नाही!" ती एकदम उसळली. "काय खोटं आहे गं त्यात? दादा येतो का? फोन येतो! मोठ्या हुद्द्यासारखा फोन येतो, तो वाजला की तुम्ही दोघं उभे राहता. मी दर आठवड्याला येते, ते दिसतं कुणाला?"

"हा राग तू मथळ्यात घातलास."

"घातला. एकदाच घातला. आणि तुझ्या लेखात मी कुठे आहे ते सांग आधी. नखं आपोआप कापली जातात का बाबांची? डब्या आपोआप भरतात?"

"लेख वाचण्यावर होता. दादाही नाही त्यात."

"दादा नसतोच, म्हणून नाही. मी असते, तरी नाही."

आतून हे बाहेर आले. दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. शाळेतल्या भांडणात मुख्याध्यापक यावेत तसे थोडे थांबले आणि समेटाच्या सुरात म्हणाले, "अगं, मुलगा येणार आहे. आता कशाला भांडता?"

धाकटी खाली बसून त्यांच्या पायात बूट घालायला लागली. तिचे खांदे हलत होते. मला उठून तिच्याजवळ जायचं होतं. खुबा लगेच उठू देत नाही, आणि उठता येईपर्यंत तिने डोळे पुसले होते.

"मी येते तुझ्या ऑपरेशनला," ती नाड्या बांधत म्हणाली. "जमतील तेवढे दिवस."

"किती जमतील?"

ती नाडी सोडून परत बांधायला लागली. फार दिवस रजा घेतली तर नोकरी जाते आणि नवी शोधणं सोपं नाही, हे मलाही कळतं. मी पुढे विचारलं नाही. हॉस्पिटलला फोन करून तारीख सोडून दिली. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की पुढची तारीख मिळाली की कळवू. पुढची म्हणजे कधीची, हे तिलाही सांगता आलं नाही.

त्याच सुमारास साहेबांचा फोन आला. माणूस बोलायला मोठा लाघवी.

"ताई, तुमच्या लेखाने कमाल केली. वाचकांना पुढचं हवंय."

"पुढचं काय?"

"म्हणजे त्यानंतर काय झालं ते. ऑपरेशन अडलं म्हणे तुमचं? ऐकून वाईट वाटलं हो. पण ताई, हे लिहायला हवं. मथळा तर तयारच आहे आमच्याकडे. ‘मी लिहिलं, मुलाने पाठ फिरवली’. कसा वाटतो?"

"आणि लेख कुठे आहे?"

"लेख तुम्ही लिहाल की."

"मथळा आधी आणि लेख नंतर?"

ते मनापासून हसले. "ताई, हल्ली तसंच असतं. मथळा जमला की मजकूर मागून चालत येतो."

"पहिला लेख तुम्ही वाचला होता का?"

"वाचला म्हणजे, चाळला. इतका सुंदर उतरलाय..."

"त्यात माझा मुलगा कुठे आहे?"

थोडा वेळ पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "तो न सांगता येतो त्यात. हीच तर तुमच्या लेखणीची ताकद आहे."

मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं बोलणं अर्धवट तोडून ठेवला. आमच्या घरातली ही बातमी त्या टेबलावर कुणी पोचवली, हे मी धाकटीला विचारलेलं नाही. विचारलं तर ती खरं सांगेल.

पेपरचं ते पान यांनी खुर्चीच्या उशीखाली ठेवून दिलं होतं. का कोण जाणे, तेवढं एक पान जपलं. सकाळी ते काढायचे आणि वाचायचे, "मुलाचा फोन येतो, मुलगा येत नाही." मग उठून लहान खोलीच्या दाराशी जायचे आणि वाचायचे, "मुलगा येणार आहे." दोन्ही त्याच आवाजात, दोन्हींवर तेवढाच विश्वास ठेवून. पहिलं वाचून बिचाऱ्या कुणासाठी तरी हळहळायचे आणि दुसरं वाचून आपल्या घरातली चादर सारखी करायचे. रविवारी छापलं गेलं तेव्हा पहिला मथळा खोटा होता आणि दुसरा खरा. आता अक्षरसुद्धा न बदलता दोघांची अदलाबदल झाली होती. दोन्ही माझेच होते. एक मी बोलले होते, एक लिहिला होता.

फोनही आता येत नाही. रविवारी त्या वेळेला हे सरसावून बसतात, कशासाठी ते यांना आठवत नाही, आणि थोड्या वेळाने परत मागे टेकतात.

शेवटी मी दारावरचा कागद काढला. डिंकाचे चार ठिपके राहिले, ते ओल्या फडक्याने पुसले. हे आले, दारासमोर उभे राहिले, चष्मा पुसला. उघड्या लाकडाकडे बराच वेळ बघत होते.

"इथे काहीतरी लिहिलं होतं."

"होतं."

"चांगलं होतं."

"हो."

"मग परत लिही ना. तुझं अक्षर चांगलं आहे."

मी जाड पेन घेतलं. कागद गुडघ्यावर धरून थोडा वेळ बसले. दुखण्याची एक कळ खुब्यातून खाली गेली, ती ओसरू दिली. पूर्वीचंच लिहिलं असतं तरी यांना काय कळणार होतं? हे रोज वाचून खूश झाले असते आणि त्यात कुणाचं काहीच गेलं नसतं. साहेबांनी डोळे मिटून तोच निवडला असता.

मी लिहिलं, ‘रिकामी खोली’.

यांनी ते मोठ्याने वाचलं. एकदा, मग परत एकदा. आत डोकावले. चादरीला हात लावला नाही. दिवा चालू होता तो बंद केला, दार ओढून घेतलं आणि मला समजावल्यासारखं म्हणाले, "उगाच वीज जाते."

मथळा अचूक होता. तेव्हापासून हे त्या खोलीत गेलेले नाहीत.